खोकणाऱ्यांची चटई

वाइताबुआ गावात तोरिकाच्या हातून जेवढ्या खिडक्या बंद झाल्या, तेवढ्या कुठल्या वादळानंसुद्धा केल्या नसतील. गावात कोणी बाळंतीण झाली की पहिला निरोप तोरिकाला. ती यायची आणि बाळाकडे बघण्याआधी खिडक्यांकडे बघायची. समुद्राकडची बंद, डोंगराकडची बंद, पत्र्याच्या फटीत चिंध्या, दारावर जाडजूड चटई. मग कमरेवर हात ठेवून म्हणायची, "आता वाऱ्याच्या बापाला आत येऊन दाखवू दे."

वारा हा तोरिकाचा जन्माचा वैरी. समुद्रावरून येणारा थंडीच्या दिवसांतला वारा तान्ह्याच्या छातीत शिरतो आणि तिथंच घर करतो, असं तिला तिच्या आजीनं सांगितलेलं, आजीला तिच्या आजीनं. त्यात शंका घ्यायचं कोणाला कारणच नव्हतं. तिचा नवरा आपिसाई, येशूच्या देवळाचा लाकडी नगारा वाजवणारा, मोठा गमत्या माणूस. पहिल्या पोराच्या वेळी तो त्या कोंदट खोलीत डोकावला आणि म्हणाला, "अगं, पोर गुदमरेल की!"

"तुझ्या आईनं तुला अशाच खोलीत वाढवलं."

"म्हणून तर मी असा झालो."

त्या बोलण्यापायी आपिसाईनं काही रात्री होडीच्या छपराखाली काढल्या. पण बाईचा शब्द शब्द होता. तिची स्वतःची पाच पोरं त्या बंद खोल्यांतून धडधाकट बाहेर पडली, आणि गावानं तिच्या हाताला यश आहे असं मानलं. आपिसाई गेला, पोरांना पोरं झाली, तोरिका गावाची बुबू म्हणजे आजी झाली, तरी खिडक्या तिच्याच हातानं बंद होत राहिल्या.

मग तो एक वाईट हंगाम आला. शेजारच्या घरात, तिच्या पुतण्याला मुलगा झाला होता. गोल गरगरीत. तोरिकानं नेहमीसारखी खोली गच्च केली. आणि नेहमीसारखेच बापाकडचे लोक बाळाला घ्यायला आले. ही इथली रीत. बाळ झालं की दोन्हीकडचे नातेवाईक चटया, कापडं, साबण, रॉकेलचं पिंप घेऊन येतात आणि एकेक जण बाळाला मांडीवर घेतो. त्याला रोंगोरोंगो म्हणतात. मांडीवर घ्यायचं आणि गालाला नाक लावून खोल श्वास घ्यायचा. पापी नाही, वास. बाळाचा वास घेतला म्हणजे ते आपलं झालं. त्या दिवशी त्या बंद खोलीत पंचवीस-तीस माणसं दाटीवाटीनं बसली होती, मधोमध यांगोनाचं, म्हणजे मुळ्या कुटून केलेल्या पेयाचं, लाकडी भांडं, सगळ्यांना मिळून एकच करवंटी, आणि त्यांतली निम्मी माणसं शेंबडी. हंगामच तसा होता. कोणी त्याची दखल घेतली नाही. सर्दीला काय बघायचं?

पाच-सहा दिवसांत बाळाचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. बरगड्यांमध्ये खड्डे पडायला लागले, दूध ओढेना. समुद्र खवळलेला, होडी निघायला उशीर झाला. दवाखान्यात त्यांनी करायचं ते सगळं केलं. मूल राहिलं नाही.

दफन झाल्यावर नर्स तिमाइमा त्या घरी आली. पलीकडच्या खाडीतल्या आरोग्यकेंद्रावर ती नुकतीच आली होती. बांधा आडवा, आवाज मोठा, आणि बोलताना आडपडदा नाही. तिनं खिडक्यांच्या फटींतल्या चिंध्या बघितल्या.

"हे कोणी केलं?"

"मी," तोरिका म्हणाली. "वारा लागू नये म्हणून."

तिमाइमानं फटीतली एक चिंधी ओढून काढली. मग म्हणाली, "बुबू, वारा बाहेर होता. खोकला आत होता."

एवढं बोलून ती गेली, आणि तोरिकानं तिच्याशी बोलणं टाकलं. देवळात ती डाव्या बाजूला बसली की ही उजव्या. कालची पोर, जिला चटईची कड धड विणता येत नाही, ती मला खिडक्या शिकवणार! सुनेला, शेजारणीला, चुलीला, दिसेल त्याला तिनं हे ऐकवलं.

पण तोरिकाची एक खोड होती. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती चटई विणता विणता उलटीपालटी करून बघायची. पुढच्या थंडीत गावानं समुद्रातल्या खडकांवर मासेमारी बंद केली, मासा वाढावा म्हणून. तिथं लक्ष ठेवायला तिच्या धाकट्या दिराला वाळूच्या बेटावर नेऊन ठेवलं. बेट कसलं, चार नारळ आणि एक छप्पर, तेही तिन्ही बाजूंनी उघडं. सोसाट्याचा वारा, अंगावर ओली कापडं, रात्रंदिवस. महिना-दीड महिना गडी तिथं राहिला आणि एकदाही शिंकला नाही. मग पुतणीच्या लग्नाला म्हणून गावात आला. दोन दिवस जेवला, नाचला, सगळ्यांच्या गळ्यात पडला, आणि तिसऱ्या दिवशी नाक गळायला लागलं.

तोरिका तेव्हा पानाच्या पट्ट्या सोलत होती. ती थांबली.

"काय रे," तिनं दिराला विचारलं, "तिकडे वारा कसा होता?"

"विचारू नका वहिनी. दात पडायचे राहिले."

"आणि शिंक?"

"एक नाही."

तोरिकानं पट्ट्या खाली ठेवल्या, कमरेला गुंडाळलेला सुलू सारखा केला आणि खाडीला वळसा घालून थेट तिमाइमाच्या दारात गेली. वर्षभर बोलणं नव्हतं. तिमाइमा बाळांचा वजनकाटा पुसत होती.

"वारा निर्दोष आहे," तोरिका म्हणाली.

तिमाइमा हसली नाही, हे बरं झालं. तिनं पाटावर बसायला दिलं आणि चहा ठेवला. तान्ह्यांना गाठणारा हा विषाणू, आरएसव्ही, कसा दर हंगामाला येतो, मोठ्या माणसाला नुसती सर्दी करून सोडून देतो, पण तान्ह्याच्या छातीतल्या केसाएवढ्या बारीक नळ्या सुजवून बंद करतो, हे सगळं तिनं सावकाश सांगितलं. तो वाऱ्यावर बसून येत नाही, माणसाच्या खोकल्यातून आणि हातातून येतो. मोठ्या देशांत गरोदर बाईला सुई देतात, म्हणजे बाळ आईच्या पोटातूनच थोडी ताकद घेऊन येतं. आपल्याकडे ती सुई अजून पोचलेली नाही.

"मग आपल्याकडे काय आहे?"

"साबण आहे. आईचं दूध आहे. उघडी खिडकी आहे. चुलीचा धूर बाळापासून लांब. आणि खोकणारा माणूस त्याहून लांब."

"खोकणारा माणूस लांब," तोरिका म्हणाली. "पोरी, तू या बेटावरची नाहीस. इथं माणसाला बाळापासून लांब बसवणं म्हणजे काय, ते तुला माहीत नाही."

त्यानंतर गावात बाळंतिणीच्या खिडक्या उघड्या राहू लागल्या. ज्या बाईनं बंद केल्या तीच उघडायला आली म्हटल्यावर कोण काय बोलणार? साबण दाराशी आला, चूल लांब गेली. पण रोंगोरोंगोला हात लावायची छाती तिचीही झाली नाही. लोक चटया घेऊन यायचे, खोकत खोकत बाळ मांडीवर घ्यायचे, आणि तोरिका कोपऱ्यात बसून मनातल्या मनात एकेक खोकला मोजायची.

आणि मग तिच्याच घरी वेळ आली. तिचा थोरला मुलगा ओसेआ; त्याची मुलगी उलामिला, तोरिकाची सगळ्यात लाडकी नात. तिला समुद्रापलीकडच्या नाविलाकात दिली होती, नवऱ्याचं नाव वाइसाके. उलामिलाला दिवस पूर्ण होण्याआधीच कळा आल्या आणि सुवा शहरातल्या मोठ्या दवाखान्यात मुलगी झाली. पपईएवढी. दवाखान्यानं बरेच आठवडे ठेवून घेतलं. अखेर जेव्हा माहेरी पाठवायचं ठरलं, तेव्हा गावागावांत खोकल्याचा हंगाम ऐन भरात होता.

तिमाइमानं ओसेआला खास बोलावून सांगितलं, "लवकर जन्मलेलं पोर आहे. मोठ्याला शिंक, तिला जीवघेणं. ती थोडी बाळसं धरेपर्यंत खोकणारं माणूस घरात नको. कोणीही असो."

ओसेआ घरी आला तो डोकं धरूनच. कारण नाविलाकाचा निरोप आधीच आला होता. शनिवारी आम्ही येतोय, चटया तयार आहेत, रॉकेलचं पिंप घेतलंय, डुक्कर बांधलंय. आणि येणाऱ्यांची म्होरकी होती लोआता, वाइसाकेची आजी. बाळाला नाव तिचंच ठेवलेलं. जिचं नाव लागलं तिचा त्या पोरीवर आईच्या खालोखाल हक्क.

"तिला सांगू, की बाळाला हात लावू नको?" ओसेआ म्हणाला. "आई, बापाकडचे लोक चटया घेऊन येतात आणि आपण त्यांना बाळ देत नाही, याचा अर्थ काय होतो? पोर तुमची नाही, असा होतो. उलामिला कुठल्या तोंडानं सासरी जाईल?"

"मी दारात बसते," तोरिका म्हणाली. "कान आहेत मला. खोकणारा दिसला की त्याला गप्पांत गुंतवते. आत सोडत नाही."

"वीस माणसांना?"

"माझ्याजवळ वीस माणसांना पुरतील एवढ्या गप्पा आहेत."

हे खोटं नव्हतं.

शुक्रवारी बाळ आलं तेव्हा तोरिका गावात नव्हती. देवळातल्या बायकांची विणकामाची बैठक दोन गावं सोडून होती, आणि ती तिथली मुख्य, टाळता येण्यासारखं नव्हतं. शनिवारी उजाडताच ती पहिल्या होडीनं परतली. होडीतून उतरली ती तशीच घराकडे, वाटेत कोणाशी बोलली नाही. या बाईच्या बाबतीत ही बातमीच म्हणायची.

दाराशी बादली आणि साबण ठेवला होता. आतून उलामिलाची हाक आली, "बुबू, ये ना! बघ तुझी पणती कशी डोळे वटारतेय."

तोरिकानं हात भिजवले, साबण घेतला, फेस केला. मग तिचे हात थांबले. हा खोबरेल तेलाचा साबण, गावातल्या बायकाच करतात. बादलीपर्यंत जायच्या आत त्याचा वास नाकात शिरतो. आज काही नाही. तिनं साबण नाकाला लावला. काही नाही. दाराशेजारी रॉकेलचा दिवा होता, तो हुंगला. नुसतं पाणी असावं तसं.

घशात काल संध्याकाळपासून खवखव होती. बायकांच्या गाण्यामुळे असेल, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

खोकला नव्हता. नाक गळत नव्हतं. कोणाला काही कळलं नसतं. हातभर अंतरावर दार उघडं, आत चटईवर उलामिला, तिच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं ते एवढंसं. पहिली पणती. या वयात माणूस पुढच्या हंगामाचा भरवसा कोणाला देतो? एकदाच, पटकन, गालाला नाक लावून. वास तर येणारच नव्हता, पण तरी.

तोरिकानं हात धुऊन टाकले, पुसले, आणि पाठ फिरवून ओसरीच्या पार टोकाला जाऊन बसली.

"आई?" ओसेआ बाहेर आला. "आत चल की. पाहुण्यांची होडी दिसायला लागली."

"मला सर्दी झालीय."

ओसेआनं इकडेतिकडे पाहिलं. "हळू बोल. कुठं आहे सर्दी? चांगली तर दिसतेस."

"नाकाला वास नाही."

"वास नाही म्हणजे काही सर्दी नव्हे. आई, तू घरातली वडील. तू आत नसलीस तर ते काय म्हणतील?"

"म्हणू देत. त्यांचं तोंड, त्यांचा वारा."

आतून उलामिलाचा रडवेला आवाज आला, "बुबू, लोआता आजीचं नाव ठेवलं म्हणून रागावलीस ना? मी वाइसाकेला सांगितलं होतं, पण त्यांच्याकडे पहिली मुलगी..."

"अगं बये, नाव काय, तू तिला बटाटा म्हण! मी रागावले नाही, मी शेंबडी झालेय." हे तोरिका एवढ्या मोठ्यांदा म्हणाली की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली.

नाविलाकाची मंडळी किनाऱ्यावर उतरली. पुढे त्यांचा बोलका एमोरी. गावाच्या वतीनं भाषण करायचा मान त्याचा, उंच, सुपारीच्या झाडासारखा. मागे चटयांची गुंडाळी उचललेले लोक, मग पिंप, मग डुक्कर, आणि सगळ्यांत शेवटी, आपल्यासाठी सगळे थांबणार हे माहीत असल्यासारखी सावकाश चालणारी लोआता. सगळे आत गेले, खिडक्यांखाली ओळीनं बसले. एमोरीनं भाषण सुरू केलं. आवाज भारी होता त्याचा, पण आज दर चार वाक्यांनी तो थांबून घोट गिळत होता आणि आल्याचा तुकडा या गालातून त्या गालात सरकवत होता. ओसरीवर बसलेल्या तोरिकाला ते दिसत नव्हतं, ऐकू मात्र नीट येत होतं. एक एमोरी. कोपऱ्यात घसा खाकरणारी एक बाई. पिंप आणणारा तो जाड्या. 

भाषण संपलं. आता बाळ उचलायचं. लोआतानं हात पुढे केले.

आता इथं एक सांगायला हवं. वाइताबुआ आणि नाविलाका ही दोन्ही गावं ताउवू. म्हणजे फार जुन्या काळी दोघांचा देव एक. ताउवू गावांची गंमत अशी, की एकानं दुसऱ्याला काहीही बोलावं, त्याची कोंबडी उचलावी, सुलू ओढावा, दुसऱ्यानं राग धरायचा नाही. राग धरला तर हसं त्याचंच. एकदा नाविलाकाच्या लोकांनी आपिसाईच्या नगाऱ्याच्या काठ्या पळवल्या होत्या, आणि त्यानं त्या रविवारी देवळात चमच्यानं नगारा वाजवला होता. तर असं ते नातं.

तोरिका ओसरीवरूनच ओरडली, "ए नाविलाकाच्या शेंबड्यांनो!"

 आत कोणीतरी खिदळलं. ताउवूचं बोलणं ओळखलं सगळ्यांनी.

"काय म्हणतेस गं म्हातारे?" एमोरीनं आतून विचारलं.

"म्हणते, घरात वरची बाजू कुठली?"

"दारापासून लांबची. हे काय विचारायचं?"

"चूक. या घरात सगळ्यांत म्हातारं माणूस बसतं ती वरची बाजू. आणि मी आज इथं बसलेय, ओसरीवर. म्हणजे ज्याला मान हवा तो इथं माझ्या चटईवर येईल. पण इथं यायला एक अट आहे. खोकला पाहिजे. मला आहे. ज्याला नाही त्याला इथं जागा नाही. ओसेआ, यांगोनाचं भांडं फिरव, दोरी माझ्याकडे कर!"

भांड्याची दोरी ज्याच्याकडे, तो बैठकीतला मोठा. ओसेआनं एकदा लेकीच्या सासरच्या मंडळींकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि कपाळावरचा घाम पुसून भांडं फिरवलं.

कोणी हललं नाही. काही क्षण असे गेले की ओसेआला वाटलं, झालं, संपलं सगळं. हसण्यावारी गेलं तर गेलं, नाहीतर ही माणसं पिंप उचलून परत जातील.

मग एमोरी उठला. तोंडातला आल्याचा तुकडा काढून त्यानं सगळ्यांना दाखवला. "भाषण संपेपर्यंत हा पुरला," तो म्हणाला, "आता नाही पुरत." आणि दारातून वाकून बाहेर येत त्यानं असा खोकला काढला की डुकरानंसुद्धा मान वळवली. तो तोरिकाशेजारी मांडी घालून बसला. त्याच्यामागून तो जाड्या आला. मग खाकरणारी बाई. मग वाइताबुआकडचेच दोघं, मग ओसेआचा मेव्हणा, सकाळपासून नाक पुसत "धूळ आहे, धूळ आहे" म्हणणारा.

"अरे, तू पण?" ओसेआ म्हणाला.

"मान कोणाला नको, भावोजी?"

चटई भरली. दुसरी अंथरावी लागली. त्यांना करवंट्याही वेगळ्या, ज्याची त्याला. आधी दोरीच्या बाजूचा मान म्हणून पहिला घोट तोरिकाला, मग एमोरीला. आत बसलेल्या धडधाकटांना यांगोना उशिरा मिळाला, तेव्हा तेच कुरकुरायला लागले.

लोआता मात्र जागची हलली नव्हती. बाळासमोर, हात पुढे केलेले, ओठ गच्च मिटलेले. चेहरा हळूहळू लाल होत चाललेला. उलामिला बाळाला छातीशी धरून तिच्याकडे बघत होती, आणि तिला देता येईना की मागे घेता येईना.

"लोआता आजी," उलामिला हळूच म्हणाली, "पाणी देऊ?"

लोआतानं मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं. आणि मग तिनं तोंड फिरवलं, दोन्ही हातांनी झाकलं, आणि इतका वेळ गिळलेला सगळा खोकला एकदम बाहेर पडला. बाहेरच्या चटईवर जल्लोष झाला.

"आली गं बाई आली!" तोरिका म्हणाली. "सरका रे, बाळाच्या नावाची बाई येतेय. मध्ये बसवा तिला."

लोआता बाहेर आली ती रागानं थरथरत. बसली, सुलूच्या टोकाला तोंड पुसलं, आणि म्हणाली, "तोरिके, माझी पंधरा चटयांची मेहनत आहे. दोन हंगाम विणतेय. नाव माझं आणि मांडी दुसऱ्याची?"

"माझी पणती आहे ती," तोरिका म्हणाली, "आणि मी अजून तिचं नाकसुद्धा धड पाहिलं नाही."

लोआतानं तिच्याकडे वळून बघितलं. "खोटं."

"सकाळी दारापर्यंत गेले. साबण नाकाला लावला, वास नाही आला. परत फिरले."

 लोआतानं आपली करवंटी पुढे केली. खिडकी सताड उघडी होती. तिथून आतलं सगळं दिसत होतं. आत धडधाकट म्हणून उरलेल्यांत वाइसाकेचा एक काका होता, होड्या बांधणारा, हात वल्ह्यांसारखे. त्यानं जन्मात तान्हं पोर उचललं नव्हतं. तीनदा हात धुऊन त्यानं बाळ घेतलं आणि श्वास रोखून बसला, जणू त्याच्याच श्वासानं ते उडून जाईल.

"अरे, मान धर!" बाहेरून लोआता ओरडली.

"डोक्याखाली हात घाल!" तोरिका ओरडली.

"तुम्ही दोघी खोका," काका आतून म्हणाला. "इथं मी बघतो."

त्या हंगामात दोन्ही गावांत खोकला भरपूर फिरला. पलीकडच्या वाडीतली दोन बाळं दवाखान्यात न्यावी लागली, ऑक्सिजन लागला, पण वेळेवर नेली म्हणून दोन्ही परत आली. तिमाइमानं घराघरांत जाऊन शिकवलं होतं: बरगड्या आत ओढल्या जातात का, दूध ओढायचं थांबतं का, ओठ निळे पडतात का, तर वाट बघायची नाही, होडी काढायची. ओसेआच्या घरातली पपईएवढी पोर मात्र एकदा थोडी शिंकली, दूध पीत राहिली, आणि वजनाचा काटा दर खेपेला थोडा थोडा पुढे सरकत राहिला.

लोआता परत गेलीच नाही. मंडळी डुक्कर खाऊन, आहेरात परत मिळालेल्या चटया घेऊन निघून गेली, ही म्हणाली, बाळाला घेतल्याशिवाय मी होडीत पाय ठेवणार नाही. ती आणि तोरिका शेजारच्या घरात राहायला गेल्या. दोघी दिवसभर ओसरीच्या टोकाला बसून विणायच्या, एकमेकींना शिव्या द्यायच्या, आणि कोणाला उबळ आली की दुसरी म्हणायची, "झालं, अजून एक दिवस वाढला." कारण तिमाइमानं सांगून ठेवलं होतं, खोकला गेल्यावरही थोडे दिवस थांबायचं. तोरिकाचा आधी गेला. लोआताचा रेंगाळला. तोरिका तिच्यासाठी थांबली नाही असं म्हणता येणार नाही. रोज म्हणायची आज जाते, आणि जायची नाही.

शेवटी एका सकाळी तिमाइमानं दोघींच्या पाठीला नळी लावली, इकडून ऐकलं, तिकडून ऐकलं, आणि म्हणाली, "जा. पण हात धुऊन."

दोघी बादलीपाशी एकदमच पोचल्या. लोआता साबण सोडेना.

"नाव माझं."

"रक्त माझं."

"रक्त माझंही आहे, वाइसाकेकडून."

"बरं, तुझं वय किती?"

"तुझ्याहून कमी."

"मग मागे हो," तोरिका म्हणाली, आणि आत शिरली.

उलामिलानं बाळ तिच्या हातात दिलं. आता ते बऱ्यापैकी जड झालं होतं. तोरिकानं चटईवर बसून त्याला मांडीवर घेतलं, वाकून गालाला नाक लावलं आणि एक श्वास घेतला. मग तिनं नाक काढून कान त्याच्या छातीशी नेला. शिट्टी नाही, घरघर नाही. आत एकसारखं, हलकं येणंजाणं, खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याचा आवाजही त्याच्याहून मोठा. ती तशीच राहिली.

"झालं का?" लोआता दारातून म्हणाली, ओले हात समोर धरून. "की जेवायच्या वेळेपर्यंत ऐकणार आहेस?"

"थांब गं," तोरिका म्हणाली. "अजून थोडं ऐकू दे."